पडद्यावरचा वर्ग आणि सरांची झोप

चूक माझी होती, म्हणून तीच आधी सांगतो. राजारामपुरीतील पंचाहत्तरी उलटलेले एक निवृत्त प्राध्यापक सुनेसह माझ्या दवाखान्यात आले. सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, बाबा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल घेऊन बसतात." फारशी विचारपूस न करता मी रात्रीचा मोबाईल बंद करायला सांगितले आणि थोड्या दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून दिली. पंधरवड्याने सर आले, ते खांदे पाडूनच. म्हणाले, "झोप मिळाली, डॉक्टर, पण नातवाशी बोलणं गेलं."

तेव्हा कुठे सारा उलगडा झाला. पुण्यात शिकणाऱ्या नातवाने अर्थशास्त्राचा एक विषय 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरून घेतला होता. २०१७ साली सुरू झालेल्या या व्यासपीठावर देशभरातील प्राध्यापकांची व्याख्याने विनाशुल्क ऐकता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेस तेवढे शुल्क असते. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय अशा रीतीने शिकण्याची मुभा देऊ शकतात. दर रविवारी नातवाशी चर्चा करता यावी म्हणून आजोबा तीच व्याख्याने ऐकत. आणि रात्रीच का? दिवसा घरातील गलबल्यात त्यांना शब्द कळत नसत, आणि आवाज वाढवून कुणाला त्रास द्यायचा नव्हता. तक्रार झोपेची होती, मूळ कानात होते.

आपल्या पिढीला विद्या म्हणजे एक ठिकाण वाटे. खेड्यांतील मुलांना शिकण्यासाठी कोल्हापूर गाठावे लागे, म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे वसतिगृहे उभी केली. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आले आणि उच्च शिक्षण जिल्ह्याच्या दाराशी पोहोचले. आता तर परदेशातील व्याख्यानही माजघरात येते. ही सोय मोठीच. पण मागच्या बाकावरील गोंधळलेला चेहरा पडद्याला दिसत नाही. त्या दिवशी मीही ध्वनिमुद्रित व्याख्यानासारखाच वागलो: बोललो, समोरच्याचा चेहरा वाचला नाही.

सरांच्या कानातील मळ काढला, श्रवणचाचणी करून घेतली आणि श्रवणयंत्र बसवले. आता ते सकाळी नाश्त्यानंतर अर्धा तास, मोठ्या पडद्यावर, व्याख्यानाची गती कमी करून ऐकतात. गोळी कधीच बंद झाली. रविवारी नातवाचा फोन येतो आणि न कळलेला भाग आजोबा फळ्यावर शिकवावा तसा समजावून सांगतात.

स्मृतिभ्रंशाविषयीच्या 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके नोंदवले. त्यांत कमी शिक्षण, ऐकू कमी येणे आणि एकाकीपणा हे तिन्ही आहेत. म्हणून घरातील वडीलधारी माणसे रात्री मोबाईल घेऊन बसली, तर तो हातातून काढून घेण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, "काय ऐकताय?" झोपेची वेळ जरूर सांभाळा, कान तपासून घ्या, मात्र त्यांचा वर्ग बंद करू नका. विचारायला मला पंधरा दिवस उशीर झाला. तुम्ही आजच विचारा.