सहा तासांची जागा

गेले आठ महिने एक प्रकरण माझ्याकडे अनिर्णित पडून होते. कचेरीतली कोणतीही फाइल मी इतके दिवस अडवून ठेवलेली नाही. ठेवली असती तर केव्हाच खुलासा द्यावा लागला असता. हे प्रकरण घरचे. त्यामुळे खुलासा मागणारा अधिकारी मीच आणि तो टाळणारा कारकूनही मीच. प्रश्न एवढाच होता की, माझ्याजवळचा जुना सॅम्पलर काढून टाकून त्याची नवी आवृत्ती घ्यावी की नाही.

'सॅम्पलर' हा शब्द आमच्या भिलाईत फारसा कोणी उच्चारीत नाही. गणपतीत आणि लग्नांच्या मोसमात इकडे धुमाल वाजते. तीत पोरे काठ्यांनी जे रबरी चौकोन बडवतात, त्या सर्वांना सरसकट 'ऑक्टापॅड' म्हणण्याचा रिवाज आहे. 'ऑक्टा' म्हणजे आठ. माझ्या यंत्रावर सहा मोठे आणि वरच्या कडेला तीन अरुंद असे नऊ पॅड आहेत. पण लोकांनी एकदा आठ म्हटले की नववा मोजण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. दोहोंत भेद मात्र आहे. साध्या ऑक्टापॅडमधून कारखान्याने भरून दिलेले आवाज निघतात. सॅम्पलरमध्ये आपला आवाज आपणच भरायचा असतो. मायक्रोफोनसमोर टाळी वाजवा, भांडे पाडा, ढोलकीवर थाप मारा. यंत्र त्या ध्वनीची सेकंदाला ४४,१०० मापे घेऊन ती जपून ठेवते आणि पुढे पॅडवर काठी पडली की त्या मापांचा पुन्हा आवाज करून देते. १९७९ साली सिडनीतल्या दोन तरुणांनी 'फेअरलाइट' नावाचे असे यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत लहानशा घराएवढी होती. आज तशाच गुणाचे यंत्र एका कारकुनाच्या कपाटात, हिवाळी रजयांच्या खाली पडलेले असते.

माझे यंत्र रोलँड कंपनीचे, 'एसपीडी-एसएक्स' या नावाचे, २०११ साली निघालेल्या जातीचे. मी ते एका वाद्यवृंदवाल्याकडून जुनेच घेतले. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात, कोजागिरीला आणि वर्षातून एखाद्या भावगीतांच्या कार्यक्रमात मी ते वाजवतो. २०२२ साली त्याची 'प्रो' आवृत्ती आली. जुन्यात २ गिगाबाइट जागा, नव्यात ३२. जुन्यात ध्वनींचे १०० संच, नव्यात २००. शिवाय रंगीत पडदा. किंमत माझ्या मूळ पगाराचे कित्येक महिने गिळणारी. तरीही मोह पडायला कारण होते. दोन वर्षांपूर्वी कार्यक्रम आटोपून उतरताना माझ्याच हातून यंत्र पायरीवर आपटले, आणि तेव्हापासून त्याच्या एका पॅडला हलका आघात ऐकू येत नाही. जोराने मारले तर उत्तर देतो. हळू मारले तर वरिष्ठांसारखा गप्प.

सौभाग्यवतीला मी नव्या यंत्राची महती सांगितली. तिने शांतपणे विचारले, "जुन्यातली जागा भरली का तुमची?" मी म्हटले, तो प्रश्न नाही. ती म्हणाली, "मग बत्तीस कशाला मोजताय?" बायकांना यंत्रशास्त्र कळत नाही असे मानणारे पुरुष अजून आहेत, मी त्यांच्यात मोडत नाही, पण त्या दिवशी मोडावेसे वाटले खरे.

आता ढोलकीवाल्या काकांविषयी सांगितले पाहिजे; हे प्रकरण आठ महिने रेंगाळले ते त्यांच्यामुळे. काका भंडाऱ्याकडचे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन इथला पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली; त्यानंतर सगळ्या देशातून माणसे इथे आली, तशी तिकडची मराठी माणसेही आली. काका त्यांतले नंतरच्या पिढीचे. रेल मिलमध्ये त्यांनी सारा जन्म काढला. पण गावाकडे तरुणपणी ते खडी गंमतीत ढोलकी वाजवीत, आणि तो हात त्यांनी रुळांच्या धगीतही मऊ राखला होता. मंडळात लावणी असली की काका, गौळण असली की काका. चहा मात्र बिनसाखरेचा आणि लगेच हवा.

निवृत्तीनंतर त्यांची बोटे कापू लागली. तेव्हा मला सुचले की, त्यांच्या थापा सॅम्पलरमध्ये भरून ठेवाव्यात. एका रविवारी दुपारी, पंखा बंद करून, घामाने निथळत आम्ही बसलो. एकूण ४१ थापा घेतल्या. शाईच्या बाजूच्या, डाव्या बाजूच्या, कडेच्या, दोन्ही हातांच्या. पुढे काका २०२१ मध्ये गेले. त्यानंतरचे प्रत्येक गणपती त्यांची ढोलकी माझ्या काठ्यांनी वाजली. लोक म्हणत, "काकांची आठवण झाली हो." मला धन्य वाटे.

नवे यंत्र घ्यायचे तर जुन्यातले ध्वनी त्यात न्यावे लागणार. ते काम अवघड नाही. यूएसबीच्या कांडीवर उतरवून घेता येतात. नुसते पाहावे म्हणून मी ते संगणकावर उघडले. इथे एक बारकावा आहे. ध्वनी भरताना पुढेमागे जो फालतू भाग येतो, तो मी कापून टाकला नव्हता. यंत्राला फक्त 'इथून सुरू कर, इथे थांब' अशा खुणा करून दिल्या होत्या. यंत्र आज्ञाधारक. इतकी वर्षे ते खुणांच्या मधलेच वाजवीत आले. संगणकाला त्या खुणांशी काही कर्तव्य नव्हते. त्याने सगळेच ऐकवले.

खोकला ऐकू आला. पाट सरकल्याचा आवाज आला. बाहेर कुल्फीवाल्याची घंटा. मग थाप, तीच ती, माझ्या पॅडवरची. आणि तिच्यामागून काकांचा आवाज: "तेच ते कायले वाजवाचं रे? दुसरं घे न."

मी ते चारदा ऐकले. नंतर आठवले. मी त्यांना एकेक थाप स्वच्छ, सुटी मागत होतो, आणि ते प्रत्येक वेळी तीच थाप जरा वेगळी देत होते. मी म्हणायचो, "काका, मघासारखीच द्या." त्यांना ते जमत नव्हते असे मला तेव्हा वाटले. बोटांच्या कंपामुळे असेल, असेही वाटले. खरी गोष्ट अशी की, मघासारखी थाप कोणताही चांगला ढोलकीवाला मारत नाही. घिस्सा तर मी घेतलाच नव्हता. डाव्या पुडीवर तळहाताची टाच दाबत नेली की तो हुंकारासारखा आवाज वर चढतो. त्याचा चढ हाताच्या दाबावर ठरतो, आणि दाब गाणाऱ्या बाईच्या श्वासावर. एका आघातात तो मावत नाही, म्हणून मी तो 'तांत्रिक कारणास्तव' वगळला होता. कचेरीची भाषा अशी घरात शिरते.

मग मी हिशेब मांडला. माझ्या यंत्राच्या २ गिगाबाइटमध्ये एकेरी ध्वनी सुमारे सहा तास मावतो. काकांच्या ४१ थापा मिळून तीन मिनिटेही होत नाहीत. सहा तासांची जागा त्या दुपारी माझ्या मांडीवर होती, माणूस समोर बसला होता, आणि मी तीन मिनिटे घेऊन 'झाले' म्हटले. त्यांनी तर "दुसरं घे" म्हणून सांगितलेही होते. मी ते खुणेच्या बाहेर टाकले.

३२ गिगाबाइटचा मोह तिथे संपला, असे म्हणणे खोटे होईल. नवे यंत्र चांगलेच आहे, आणि ज्याला रोज रात्री मांडवात उभे राहून पोट भरायचे आहे त्याने ते घ्यावे. त्याला मुका पॅड परवडणार नाही. माझे तसे नाही. वर्षाकाठी चार-पाच संध्याकाळी मी तो पॅड टाळून वाजवू शकतो, किंवा त्याच्यावर जोराच्याच थापा ठेवू शकतो.

पुढल्या रविवारी मी काकूंकडे गेलो. काकांचा आवाज ऐकवावा की नाही याचा निर्णय जिन्यापर्यंत झाला नव्हता, शेवटी ऐकवला. त्या पदराने डोळे पुसतील असे मला वाटले होते. त्या हसल्या. म्हणाल्या, "असेच होते ते. भाजीले बी म्हणत, तेच ते कायले?" ढोलकी खुंटीला टांगलेली होती. पुड्या सैल झाल्या होत्या, शाईला भेगा गेल्या होत्या. दुरुस्तीला नेऊ का म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, ने. पण वाजवील कोण? मला काठ्या येतात, हात येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. जरा थांबून त्याच म्हणाल्या, "हाये न एक त्यायचा जोडीदार, तुमसरकडे. संगेच वाजवत. हात अजून चालते म्हणतात त्याचा."

ढोलकी सध्या दुर्गला एका कारागिराकडे आहे. दोन्ही पुड्या नव्या बसवायच्या आहेत. तो पंधरा दिवस म्हणतो, म्हणजे महिना धरावा. दुर्गहून नागपूरच्या गाडीने राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया करीत तुमसर रोडला उतरता येते. यंत्र पाठीवरच्या पिशवीत बसते, ढोलकी मांडीवर घ्यावी लागेल. काल मी दोन दिवसांच्या नैमित्तिक रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात 'खाजगी काम' लिहिले. साहेबांनी मान वर न करता विचारले, "दोन दिवस पुरतील ना?" मी आधी हो म्हणालो, मग अर्ज परत मागून घेऊन तीन केले.