सुपरमॅनला उडवायचं कसं?

मी नंदुरबार जिल्ह्यातला, शहाद्याचा. पुण्यात कोड लिहून पोट भरतो. इथल्या मित्रांना आमच्या भागातलं माहीत काय, तर शेवभाजी, भरीत आणि आमची हिंदी. हिंदीवर हसून झालं की विषय संपतो.

म्हणून एका शनिवारी त्यांना ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ दाखवली. फैजा अहमद खानची 2008ची डॉक्युमेंट्री. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण आम्हाला ते धुळ्याच्या पुढचं गाव. 2006 आणि 2008च्या बॉम्बस्फोटांमुळे बाहेरच्यांना त्याचं नाव कळलं. आम्हाला ते यंत्रमागांसाठी माहीत. आठवडाभर मागावर राबायचं आणि शुक्रवारी सुट्टीला सिनेमा बघायचा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने याच प्रेक्षकांसाठी आधी ‘मालेगाव के शोले’ काढला, मग ‘मालेगाव का सुपरमॅन’. हिरो शफीक, यंत्रमाग कामगार, अंगाने काडी. खलनायकाला घाणीवर प्रेम.

मित्र पहिल्या मिनिटापासून हसत होते. मीही हसलो. पण मला मजा येत होती ती वेगळ्याच गोष्टीची.

प्रश्न बघा: माणूस हवेत दिसला पाहिजे. 1978च्या हॉलिवूडपटाने त्यासाठी तारा, क्रेन आणि खास प्रोजेक्शन वापरलं. निळ्या पडद्यासमोर सुपरमॅनचा निळा ड्रेसच गायब व्हायचा, म्हणून त्या शॉट्ससाठी ड्रेसचा रंग थोडा हिरवट केला. नासिरने हिरवं कापड ताणलं. कातडीत हिरवा रंग जवळजवळ नसतो, ड्रेस निळा-लाल, म्हणजे कॉम्प्युटरला माणूस कापून काढणं सोपं. एक कॅमेरा, घरचा कॉम्प्युटर आणि बरोबर उत्तर. शूटिंगमध्ये तो कॅमेरा पाण्यात पडला. तो सुकवून पुढचा शॉट लावला.

एक मित्र म्हणाला, “काय जुगाड आहे यार!” कौतुकच होतं. पण ऑफिसात आम्ही असंच काही केलं की त्याला ‘सोल्यूशन’ म्हणतो आणि त्यावर प्रेझेंटेशन देतो. खान्देशातल्या माणसाने केलं की जुगाड. शब्द कुठला मिळणार हे काम बघून ठरत नाही, पत्ता बघून ठरतं.

मालेगावच्या प्रेक्षकाला हसवणं हेच या सिनेमाचं काम होतं. शफीक विनोदी दिसतोय हे शफीकला माहीत होतं. तो विनोद त्याने स्वतः केलेला होता. आपण वरून त्याच्यावर हसतोय असं ज्याला वाटतं, त्याला हा विनोद कळलेलाच नाही.

शेवटी मी त्यांना सांगितलं, की शफीक 2011 मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गेला. ही डॉक्युमेंट्री भारतात थिएटरला लागली 2012 मध्ये. खोली गप्प झाली. मग एकाने उडण्याचा सीन परत लावला. या वेळी सगळे कापडाच्या सुरकुत्या शोधत होते.

आता नासिरच्या धडपडीवर रीमा कागतीचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’सुद्धा आलाय. माझा मावसभाऊ शहाद्याला अहिराणीत कॉमेडी व्हिडिओ बनवतो. तो बघून त्याने फोन केला, “दादा, हिरवं कापड कितलं लागी?”

मी सांगितलं: कितीही घे, पण इस्त्री कर. सुरकुतीची सावली पडली की तिथला हिरवा बदलतो आणि कॉम्प्युटर गडबडतो. उजेड सगळीकडे सारखा ठेव. आणि स्वतः कापडापासून चार पावलं पुढे उभा राहा.