गाळाचे गणित

बार्शीच्या बाजारात तुरी मोजायच्या सोडून हा मास्तर समुद्रातला गाळ मोजायला कुठे निघाला, असे तुम्ही म्हणाल. पण गेल्या मे महिन्यात राजापूरला गेलो, खाडीकाठी उभा राहिलो आणि डोक्यात गणित सुरू झाले. मास्तरकीची सवय, दुसरे काय!

शिवछत्रपतींनी १६६१ साली राजापूरची इंग्रजांची वखार लुटली. त्या काळी मालाने भरलेली गलबते या खाडीतून येत. पुढे खाडी गाळाने भरली आणि व्यापार उठून गेला.

“हा गाळ काढीत का नाहीत?” मी एका होडीवाल्याला विचारले.

तो हसला. “गुरुजी, काढायचा कुणासाठी?”

बंदरांचे सारे अर्थशास्त्र त्या प्रश्नात आले. गाळ एकदा काढून भागत नाही. पाणी नवा आणून टाकतेच. तो खर्च अखेर जहाजांकडून निघायचा. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेव्याचा मार्ग पुन्हा खोदून खोल केला, कारण खोली वाढली की मोठे जहाज येते आणि मालामागे भाडे कमी पडते. वाढवणला किनाऱ्याजवळच सुमारे २० मीटर खोली. म्हणून २०२४ साली तिथल्या ७६,२२० कोटींच्या बंदराला मंजुरी मिळाली. तिथल्या कोळ्यांची जाळी मात्र कुठल्या रकान्यात मांडायची, यावर भांडण आहे.

हिशेब चुकीचा नाही. पण ज्याच्याकडे जहाजे आहेत, त्यालाच तो आणखी जहाजे देतो. आणि वर्गात मी तरी वेगळे काय करतो? पहिल्या नंबराच्या मुलावर मेहनत. मागच्या बाकावर गाळ साचतो.

परत येताना कुर्डुवाडी लागली आणि आमची जुनी छोटी गाडी आठवली. मोठा लोहमार्ग बार्शीला टाळून गेला होता. बार्शीच्या मालापुरता रुंद रूळ टाकणे परवडणारे नव्हते. पण कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअराने बार्शीवर फुली मारली नाही. त्याने अडीच फुटी रूळ टाकले आणि एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडणार नाही असे डबे बांधले. १८९७ साली गाडी बार्शीला आली. पुढे लातूर-मिरजेपर्यंत पोचली. आज तिथे रुंद रूळ आहेत.

मोठ्या जहाजाचे माप लावले, तर राजापूरचे उत्तर शून्यच येणार. होडीचे लावले, तर कदाचित थोडी खोदाईही पुरेल.

दिवाळीनंतर शाळा उघडेल. मागच्या बाकावर एक पोरगा आहे. त्याच्यासाठी रोज दहा मिनिटे काढायचे ठरवले आहे. गाळ पुन्हा साचेल, हे धरूनच.