पहिले ५१२ बाइट

२०११च्या फेब्रुवारीत डेबियन लिनक्सची सहावी आवृत्ती, स्क्वीझ, आली आणि आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा बूट लोडर, ग्रब, बदलायची वेळ आली. जुना ग्रब ०.९७वर थांबला होता. त्याच्या कर्त्यांनी ग्रब २ नव्याने लिहायला घेतला होता.

एरवी बूट लोडरची आठवणही होत नाही. त्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं की बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा. हा सेक्टर ५१२ बाइटांचा: ४४६ बूट लोडरचे, ६४ पार्टिशन टेबलचे, शेवटचे दोन खुणेचे. एवढ्याशा जागेत कर्नल शोधण्याची अक्कल मावत नाही, म्हणून तिथला कोड पुढच्या मोकळ्या सेक्टरांतल्या मोठ्या भागाला बोलावतो. ही साखळी कुठेही तुटली, तर डिस्कवर सगळं शाबूत असूनही मशीन सुरू होत नाही.

आणि ही डिस्क माझ्या एकट्याची नव्हती. पहिल्या पार्टिशनवर धाकट्या बहिणीचं विंडोज एक्सपी होतं, त्यात तिचा एम.ए.चा प्रबंध.

“दादा, माझं विंडोज उघडेल ना?”

“उघडेल गं. तुझ्या फायलींना हातही लागणार नाहीये. तरी प्रबंध पेन ड्राइव्हवर घे.”

मी स्वतः डिस्कचे पहिले ६३ सेक्टर ‘डीडी’ने दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. बरेच जण फक्त पहिला सेक्टर घेतात. तो पुरत नाही. नवा ग्रब पुढच्या मोकळ्या जागेतही लिहितो, आणि जुन्याचा एक तुकडा तिथेच असतो.

अपग्रेड चालू असताना एक प्रश्न आला: नव्या ग्रबला जुन्याच्या मेन्यूतून बोलावून बघायचं का? डेबियनवाल्यांच्या या एका प्रश्नाबद्दल मला आजही मनापासून आदर आहे. ‘हो’ म्हटलं की पहिल्या सेक्टरला कोणी हात लावत नाही. जुन्या मेन्यूत फक्त एक ओळ वाढते. ती निवडली की जुना ग्रब नव्याला मेमरीत आणतो आणि बाजूला होतो. नवा चालला नाही, तर रीस्टार्ट करायचं, जुना जागेवर आहेच. ज्याच्या एका चुकीने घरातल्या दुसऱ्या माणसाचं काम अडेल, असा बदल असाच करावा.

ती ओळ निवडली. नवा मेन्यू आला, डेबियन चढलं. परत रीस्टार्ट करून विंडोज निवडलं, तेही चढलं. मग ‘अपग्रेड-फ्रॉम-ग्रब-लेगसी’ चालवलं, डिस्क निवडली, आणि पहिला सेक्टर नव्याच्या ताब्यात गेला.

मन चुकचुकलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. जुनी ‘मेन्यू डॉट एलएसटी’ मी हाताने लिहायचो. नव्या ‘ग्रब डॉट सीएफजी’च्या माथ्यावरच ती हाताने बदलू नये असं लिहिलेलं असतं, ती ‘अपडेट-ग्रब’ बनवतो, आपण बदल करायचे ते ‘ईटीसी’खालच्या सेटिंगांत. पार्टिशनची मोजणीही बदललेली. डिस्क दोघांतही शून्यापासून, पण पार्टिशन जुन्यात शून्यापासून तर नव्यात एकपासून. माझं डेबियन पाचव्यावर. जुन्याच्या हिशेबी ते चार, नव्याच्या हिशेबी पाच. जुनी सवय मोडायला वेळ लागला.

बहिणीसाठी एक काम उरलं होतं. काही न निवडता सोडलं की विंडोज उघडावं, अशी तिची सोय जुन्या मेन्यूत क्रमांकाने केलेली होती. क्रमांक बेभरवशाचा: नवा कर्नल आला की वर दोन ओळी वाढायच्या आणि विंडोज खाली सरकायचं. ग्रब २मध्ये क्रमांकाऐवजी मेन्यूतलं पूर्ण शीर्षक देता येतं. ते जसंच्या तसं अवतरणचिन्हांत लिहिलं, ‘अपडेट-ग्रब’ चालवलं.

पुढे कर्नलचं सुरक्षा अपडेट आलं तेव्हा मेन्यू आपोआप नव्याने तयार झाला. विंडोजवरचा ठसठशीत पट्टा जागचा हलला नव्हता. मग मी जुनी ‘मेन्यू डॉट एलएसटी’ काढून टाकली.