दीड तासाचे विमान, आठ तासांची वाट

इंदापूर-बारामतीकडच्या आपल्या कितीतरी घरांतली मुले नोकरीनिमित्त नागपूर, दिल्लीला आहेत. गावी कुणी दगावले की तिकडे फोन जातो. "विमानाने निघतो," असे उत्तर येते. मग भावकी बोटे मोजू लागते : विमानाला दीड तास, म्हणजे बारापर्यंत पोरगा दारात! बारा वाजतात, तीन वाजतात. शेवटी कुणीतरी बोलतेच, "शिकला, पण आईसाठी धावला नाही." असे बोल आम्ही अनेक अंत्यविधींत ऐकले. आम्ही कारकुनी पेशातले. म्हणून हा हिशेब कागदावर मांडला.

पुणे-नागपूर हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर. रस्त्याने ते सातशेच्या वर जाते, तर भुसावळ-मनमाड-दौंड मार्गे रेल्वेने सुमारे ८८०. वर गेल्यावर विमान ताशी आठशेच्या आसपास धावते. तरी धावपट्टीवर जाणे, चढणे, उतरणे धरून दीड तास लागतोच.

पण हा दीड तास सोनेगाव ते लोहगाव एवढाच. नागपुरात घरून विमानतळ गाठायला एक तास. तिथे दोन तास आधी हजर व्हायचे, कारण तासभर आधी काउंटर बंद होतो. लोहगावला बाहेर पडायला अर्धा तास. पुढे हडपसर, यवत, पाटस, भिगवण करीत इंदापूर सुमारे १४० किलोमीटर. तीन तास धरा. बेरीज आठ तास! बारामतीकर पाटसहून वळतात, त्यांचा थोडा वेळ वाचतो. भिगवणजवळ उजनीचे पाणी दिसले की घर आल्यासारखे वाटते. पण गळिताच्या दिवसांत गावच्या फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर पुढे असला, की तिथेही खोळंबा. बारामतीला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसायचे रोजचे विमान तिथून नाही.

पुणे-दिल्ली हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तरी घरपोच वेळ तासाभरानेच वाढतो. कारण वेळ आकाशात कमी आणि जमिनीवरच जास्त जातो.

नागपूरकरांना दौंडचाही मार्ग आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत साधारण बारा तास घेते आणि दौंड कॉर्ड लाइनला थांबते. संध्याकाळचे विमान हुकले, तर सकाळच्या विमानाची वाट पाहण्यापेक्षा रात्रीची रेल्वे कधी कधी आधी पोचवते. मात्र गाडी दौंड जंक्शनला थांबते की कॉर्ड लाइनला, हे तिकिटावर पाहून घ्यावे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, "विमानाला किती वेळ लागतो?" असे विचारू नका. "विमान किती वाजताचे, जागा मिळाली का?" असे विचारा. तो तिकडून निघतानाच गावातून एक गाडी लोहगावला धाडा. थांबायचे की उरकायचे, हेही त्यालाच विचारून ठरवा. वाटेत असलेल्या लेकराला बोल लावू नका.