पुढच्या वर्षी, नानी

17 वर्षं मी आरोग्य शिबिरं भरवली. भांडगावात आणि यवत-केडगावच्या पट्ट्यातल्या आसपासच्या गावांत. मांडव, टेबलं, पुण्याहून येणारे डॉक्टर, त्यांच्या चहा-नाश्त्याची सोय, औषधांची खोकी आणि संध्याकाळी वहीत मांडलेला आकडा : आज इतक्या जणांची तपासणी झाली. तो मागच्या वर्षीपेक्षा मोठा निघाला की मला शांत झोप लागायची. गावासाठी काहीतरी केलं, असं मनापासून वाटायचं. म्हणूनच आज जे लिहितोय ते लिहायला जड जातंय. माझ्या त्या कामात आरोग्यसेवेचा गाभाच नव्हता. आणि ज्यांच्या कामात तो होता, त्यांना मी गावाचे विरोधक समजत आलो.

माझी समजूत अशी : भांडगाव पुणे-सोलापूर हायवेवर. पुणं 50 किलोमीटरच्या आसपास. एका बाजूला यवत, दुसऱ्या बाजूला चौफुला, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना दवाखान्यांच्या पाट्या. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते. उपचार मिळत नाहीत ते मेळघाटात, गडचिरोलीत. आमच्याकडं कसली वानवा? राहता राहिली गरीब म्हातारी माणसं आणि ऊसतोडीला आलेल्या टोळ्या. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा आम्ही डॉक्टर दारात आणतोच की.

एकदा परिसरातल्या एका गावात बैठक होती. बचत गटातल्या एक बाई बोलायला उठल्या. त्यांच्या भागातलं उपकेंद्र कोणत्या दिवशी उघडं होतं, रक्तदाबाच्या गोळ्या कधी आल्या, कधी संपल्या, याची दोन महिन्यांची टिपणं त्यांनी शाळेच्या वहीत काढली होती. त्या वाचायला लागल्या तसा मी मध्येच उठलो. म्हणालो, ‘ताई, काम करणाऱ्यांचे पाय ओढू नका. काही करायचंच असेल तर आमच्या शिबिराला या, केसपेपर लिहायला माणसं कमी पडतात.’ बसलेल्यांनी माना डोलावल्या. बाईंनी वही मिटली आणि खाली बसल्या. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं.

त्याच वर्षी शिबिराला माझी थोरली चुलती आली. आम्ही तिला नानी म्हणतो. रक्तदाब फार वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, आम्ही खोक्यातून 15 दिवसांच्या गोळ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. त्या पिशवीत घालताना तिनं विचारलं, ‘परत कवा यायचं रं?’ तिच्यामागं रांग होती. मी म्हणालो, ‘पुढच्या वर्षी, नानी.’

गोळ्या संपल्या. डोकं दुखायचं थांबलं होतं, म्हणून तिला वाटलं दुखणं गेलं. रक्तदाब वाढला तरी बऱ्याचदा काही जाणवत नाही, गोळी रोज घ्यायची असते आणि बहुतेकांना ती कायमची असते, हे तिला कुणी समजावलं नव्हतं. मीही नाही. पाच महिन्यांनी, ऐन हंगामात, एका पहाटे तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. गाडी लगेच मिळाली, हायवेही मोकळा होता, पुण्यात वेळेत पोचलो. अंतर आमच्या आड आलंच नाही. आड आले होते ते मधले पाच महिने.

दवाखान्यात वहिनी तिचे जुने कागद शोधत होती. पिशवीतून आमच्या शिबिराचं कार्ड निघालं. माझ्या अक्षरात नाव, वय आणि रक्तदाबाचा आकडा. डॉक्टरांनी विचारलं, ‘यानंतर कुणी पाहिलं होतं का?’ मी गप्प राहिलो. आमच्या हिशेबात नानी जमेची होती : तपासणी झालेली. आणि तिथं उभ्या उभ्या मला ती मिटलेली वही आठवली. गोळ्या कधी आल्या, कधी संपल्या. नानीला जे हवं होतं ते सगळं त्या वहीत होतं, आणि ती वही मी भर बैठकीत बंद करायला लावली होती.

त्यानंतर मी वाचायला, विचारायला लागलो. ज्या दुष्काळी पट्ट्यातून आमच्याकडं ऊस तोडायला माणसं येतात, तिथलंच जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली तिथं गेले. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित, शिकवून गावाच्या आरोग्याचं काम त्यांच्या हाती दिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 1975 मध्ये जगभरातल्या अशा कामांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. 1978 मध्ये अल्मा आता इथं 134 देशांची परिषद झाली. ‘सर्वांसाठी आरोग्य’ म्हणताना त्या परिषदेनं हेही मान्य केलं की आरोग्यसेवेची आखणी करण्यात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. हे वाचून मी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या 17 वर्षांत लोकांच्या वाट्याला एकच काम होतं : रांगेत उभं राहणं.

जामखेड तरी लांब. शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक आहे. संभाजी महाराजांच्या समाधीवर डोकं ठेवायला मी कितीदा गेलो असेन. त्याच गावात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी 1970 च्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, गावातली माणसं तयार केली. 1993 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. मी त्या वाटेनं जाऊन येऊन कधी चौकशी केली नव्हती. आज भांडगावात आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, अंग गार पडलंय का बघते. ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीच्या खेड्यांत सिद्ध केली होती. म्हणजे ज्या गडचिरोलीची मी कीव करत होतो, तिथून आमच्या घरात सेवा आली होती.

आमच्याकडून भुलेश्वरचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडं पुरंदर. ‘मासूम’ ही संस्था तिथल्या बायकांबरोबर आरोग्यावर कित्येक वर्षं काम करते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता, आणि राज्यभरचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडं. गावकरी स्वतः आरोग्य केंद्राची पाहणी करून प्रगतिपत्रक भरतात : सेवा चांगली तर हिरवा रंग, बरी तर पिवळा, वाईट तर लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडतात.

अशाच एका जनसुनवाईला मी मागं जाऊन बसलो. एका बाईनं बाहेरून औषध आणायला लावलेली चिठ्ठी दाखवली. वाटलं, आता भांडण होणार. डॉक्टर उठले आणि म्हणाले, ‘मी तीनदा मागणी पाठवली, वरून पुरवठाच आला नाही.’ त्यावर लोक डॉक्टरांवर धावून गेले नाहीत. त्यांच्या बाजूनं उभे राहून त्यांनी वरच्या अधिकाऱ्यांना विचारलं, का आला नाही? कधी येणार? तारीख लिहून घेतली. ज्याला मी पाय ओढणं म्हणत होतो, त्यानं त्या दिवशी एका एकट्या पडलेल्या डॉक्टरला बळ दिलं.

असा प्रश्न किती लांब पोचतो, तेही मग कळलं. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले, दोघींना टीबी झाला, औषधांच्या दुष्परिणामानं दोघींचीही ऐकण्याची शक्ती गेली. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर बेडाक्विलिन ही गोळी आहे. तिच्यावरचं मूळ पेटंट 2023 मध्ये संपत होतं. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनं त्याच औषधाच्या एका रूपावर आणखी पेटंट मागितलं, म्हणजे मक्तेदारी 2027 पर्यंत. भारतीय कायद्यात पेटंट मिळण्याआधी कुणालाही हरकत घेता येते, ग्रामसभेत ठरावावर घेतात तशी. 2019 मध्ये या दोघींनी ती घेतली, आणि मार्च 2023 मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. इतर कंपन्यांना ती गोळी स्वस्तात बनवायची वाट मोकळी झाली, आणि तिचा उपयोग देशोदेशीच्या रुग्णांना. त्यासाठी दोघींना शिबिर भरवावं लागलं नव्हतं.

शिबिरं वाईट, असं मी म्हणत नाही. रक्तदान शिबिर आम्ही आजही भरवतो. पण रोजची गोळी प्रत्येक नानीला महिन्याच्या महिन्याला पुरवणं कुठल्याही मंडळाच्या, संस्थेच्या आवाक्यातलं नाही. ते सरकारनंच करायचं काम आहे, आणि ते होतंय का, हे तारीखवार बघणं आमचं. मी दाता होऊन बसलो आणि ही जबाबदारी सोडून दिली. वर, ती उचलणाऱ्या वहीवाल्या बाईंनाच गप्प केलं.

त्या बाईंकडं मी गेलो. माफी मागितली. त्या लगेच काही बोलल्या नाहीत. आत जाऊन वही घेऊन आल्या. बैठकीनंतर त्यांनी ती थांबवली नव्हती. मधली काही पानं मात्र कोरी होती. ‘मंगळवारी मला कामावर जावं लागतं,’ त्या म्हणाल्या. ‘मंगळवार तुम्ही घ्याल का?’

मंगळवार आता माझा आहे. दार उघडं होतं का, कोण होतं, कोणत्या गोळ्या होत्या, कोणत्या नव्हत्या, एवढंच लिहितो.

नानी काठीच्या आधारानं ओसरीपर्यंत येते. दर महिन्याला गोळ्या हातात घेतल्या की तेच विचारते, ‘परत कवा?’ मी तिला तारीख सांगतो.