द्यूताध्यक्ष

कोल्हापुरांत संभाजीनगराच्या बाजूस 'रेसकोर्स नाका' या नांवाचा एक चौक आहे. तेथें आज घोडे धांवत नाहींत. धांवतात त्या मोटारी आणि दुचाक्या. नांव मात्र लोकांच्या तोंडीं टिकून राहिलें आहे, आणि त्यांत नवल नाहीं. शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबागेचें मैदान आणि हत्तीशीं माणसांनीं खेळावयाच्या साठमारीची जागा जेथें आजही दाखवितात, त्या नगरीस चुरशीचें वेड उपजतच असावें. मराठी भाषेनेंही या वेडाची नोंद करून ठेविली आहे. 'शर्यत' हा शब्द आपले पूर्वज धांवण्याच्या चुरशीस लावीत तसाच पैजेसही लावीत. दोहोंमधील रेषा आमच्या भाषेनें कधीं ठसठशीत ओढलीच नाहीं. तें काम सरकारच्या माथीं आलें.

प्राचीन राजनीतींत या कामास स्वतंत्र अधिकारी असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत त्यास द्यूताध्यक्ष म्हटलें आहे. जुगार एकाच ठिकाणीं, त्याच्या नजरेखालीं चालावा. अन्यत्र खेळणारास १२ पण दंड व्हावा. फांसे खोटे नाहींत हें त्यानें पाहावें, फांशांचें, पाण्याचें व जागेचें मोल घ्यावें आणि जिंकलेल्या धनांतून शेंकडा ५ वसूल करावे, अशी ती व्यवस्था. हेतु धर्माचा नव्हता. चोरट्या कमाईवर जगणारीं माणसें या अड्ड्यांवर हटकून सांपडतात, हें त्या धूर्त ब्राह्मणास ठाऊक होतें. मनुस्मृतीचा पवित्रा निराळा. निर्जीव वस्तूंनीं खेळतात तें द्यूत, सजीव प्राण्यांवर पण लावितात तो समाह्वय, असा भेद करून तिनें दोहोंसही राज्याबाहेर घालविण्यास राजास सांगितलें.

आमच्या महाराष्ट्र शासनानें मनु आणि कौटिल्य या दोघांसही चाकरीस ठेविलें आहे. मात्र दोघांचीं दालनें वेगळीं, आणि एकमेकांच्या दालनांत डोकावण्याची त्यांस सवय नाहीं. १८८७ चा मुंबईचा जुगार-प्रतिबंधक कायदा पोलिसांच्या, म्हणजे गृहखात्याच्या हातीं आहे. घोड्यांच्या शर्यतींस १९१२ च्या कायद्यानें परवाना मिळतो. लॉटरी तर १९६९ सालीं सरकारनें स्वतःच सुरू केली, आणि ती वित्तखात्याकडे सोंपविली. १९७६ सालीं कॅसिनोंस परवानगी देणारा कायदाही विधिमंडळानें करून ठेविला होता. तो एक दिवसही अमलांत न येतां पडून राहिला आणि रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला तो २०२३ मध्यें. इतकीं वर्षें तो कोणाच्या कपाटांत होता, कोण जाणे!

बैलगाडीच्या शर्यतींची कथा तर सर्वांस परिचित आहे. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या बंद केल्या. २०१७ मध्यें राज्यानें कायदा दुरुस्त केला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटींसह मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. नऊ वर्षांच्या या वादांत प्रश्न बैलाच्या पाठीवरील वळांचा होता, आणि तो रास्तच होता. परवानगी जिल्हाधिकाऱ्यांनीं द्यावयाची, ती प्राण्यांचा छळ होऊं नये म्हणून. धांवपट्टीच्या कडेला उभा राहून जो बैलांवर पैसे लावतो, त्याच्या घरचा वळ मोजणें हें मात्र त्या परवानगीच्या कागदांत कोणाचेंच काम नव्हे.

आमच्या पेठेंत एके काळीं लॉटरीचीं तिकिटें विकणारें टेबल आणि मटक्याचा आंकडा घेणारा खोका यांमध्यें चार पावलांचें अंतर होतें. गिऱ्हाईक बहुधा एकच. एकाकडे सरकारी शिक्का होता, दुसऱ्यावर महिन्या-दोन महिन्यांनीं छापा पडे. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जुगार हा व्यापारच नव्हे असें म्हटलें. त्याच न्यायालयानें १९९६ मध्यें घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ ठरविला. घोडा कोणता जिंकेल हें ओळखण्यास कौशल्य लागतें, हें आम्ही मान्य करितों. परंतु रेसकोर्सावरून परतणाऱ्यांचे चेहरे पाहून तें कौशल्य फार थोड्यांच्या वांट्यास आलें असावें, असें वाटतें.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स राज्यांत २०२३ सालीं सत्तेवर आलेल्या मंत्रिमंडळांत 'जुगार व शर्यती' या नांवाचें खातेंच होतें. आपल्याकडे असें खातें निघालें तर जुगारास प्रतिष्ठा मिळेल, अशी भीति आमचे सोवळे मित्र बोलून दाखवितात. ती निराधार नाहीं. परंतु पाटी लागल्यानें जेवढी प्रतिष्ठा मिळेल, तिच्याहून अधिक प्रतिष्ठा सरकारी तिकिटानें केव्हांच दिलेली आहे. पाटी असली तर निदान सभागृहांत उभें राहून जमा किती आणि उध्वस्त घरें किती, या दोन्हींचा हिशेब एकाच माणसास विचारतां येईल.

२०२५ च्या जुलैंत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातांतील मोबाइलवर सभागृहांत पत्त्यांचा डाव दिसत असल्याचें चित्रण प्रसिद्ध झालें. आपण खेळत नव्हतों, असें त्यांनीं सांगितलें. पुढें कृषिखातें त्यांच्याकडून गेलें आणि क्रीडाखातें आलें. यावर विनोद पुष्कळ झाले. परंतु तो खेळ मुळांत कोणत्या मंत्र्याच्या अखत्यारींत येतो, हें त्या गदारोळांत कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. 'पैज व जुगार' हा विषय संविधानाच्या राज्यसूचींत ३४ वा आहे. तरीही पैशाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा ऑगस्टांत झाला तो दिल्लीस.

त्या कायद्याच्या आधींची गोष्ट. करवीर तालुक्यांतील एक विधवा बाई आमच्याकडे अर्ज लिहून घेण्यास आल्या. मुलानें उसाचें बिल मोबाइलवरील रमींत घालविलें होतें. पोलिसांकडे जाऊन आल्या, तर तो कौशल्याचा खेळ आहे, गुन्हा नव्हे, असें उत्तर मिळालें. "गुरुजी, मग हें कुणाच्या खात्यांत येतंय?" त्यांनीं विचारलें. आम्हीं गृह म्हटलें, मग वित्त म्हटलें, मग माहिती-तंत्रज्ञान. बाई प्रत्येक नांवास मान डोलावीत होत्या. अखेर मायन्यांत 'मा. मुख्यमंत्री' असें लिहून आम्हीं तो कागद त्यांच्या हातीं दिला.